नाल्ट्रेक्सोनची गोळी: सहा महिन्यांचा अनुभव
मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दारूचे व्यसन सोडण्यासाठी गेले सहा महिने मी नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत आहे. ती नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आधी कळले असते तर पहिल्याच महिन्यात मी ती सोडायला निघालो नसतो.

दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन हे सुखद वाटायला लावणारे रसायन स्रवते आणि ओपिऑइड ग्राहींना, म्हणजे पेशींवरील ते स्वीकारणाऱ्या जागांना, चिकटते. मध्यमेंदूतील डोपामिन (हवेसे वाटायला लावणारे रसायन) सोडणाऱ्या पेशींवर एरवी ज्या पेशींचा अंकुश असतो, त्या यामुळे मंदावतात, न्यूक्लियस ॲकम्बन्स या मेंदूच्या भागात डोपामिन वाढते आणि ‘आणखी एक’ अशी इच्छा बळावते. नाल्ट्रेक्सोन हेच ग्राही अडवून ठेवते. दुसऱ्या आठवड्यात माझा संयम सुटला, तेव्हा पहिल्या पेगनंतर दुसरा भरण्याची घाई मला जाणवली नाही; इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले.

पण त्या पहिल्या पेगपर्यंत मला नेले कोणी? ठरलेली संध्याकाळची वेळ, पिण्यातले जुने सोबती, कामावरचा ताण. अशा खुणांचे सुखाशी जुळलेले नाते ॲमिग्डाला या भावनांशी निगडित मेंदूच्या भागाच्या जाळ्यात साठलेले असते, वर्षानुवर्षांच्या पिण्याने ती कृती स्ट्रायटम या मेंदूतील खोलवरच्या भागाच्या वरच्या बाजूला सवय म्हणून रुजते, आणि तिला रोखणारा पुढचा मेंदू ताणाखाली दुबळा पडतो. ही जुनी शिकवण गोळीने पुसली जात नाही. माझी संध्याकाळची तलफ समुपदेशन सुरू झाल्यावरच ओसरू लागली, आणि गोळीला दोष देण्यात माझी चूक होती.

अमेरिकेत या औषधाला दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार साधारण १२ जणांनी ते घेतल्यास एकाचे पुन्हा अतिमद्यपानाकडे वळणे टळते. हा आकडा लहान वाटेल, पण त्या एकाच्या घरच्यांना विचारावे.

सुरुवातीला मळमळ झाली, जेवणानंतर गोळी घेऊ लागल्यावर ती थांबली. यकृताची तपासणी आधी करून घ्यावी. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी) वेदनाशामके घेणाऱ्यांना ही गोळी चालत नाही, म्हणून मी ती घेत असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र गोळीच्या भरवशावर एकाएकी दारू बंद करू नये. त्यातून फिटचे झटके येऊ शकतात आणि ते ही गोळी थोपवत नाही, त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळे उपचार लागतात.