विणकामाचा ग्रुप: फोनवर, टेबलाभोवती की वहीत?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्या बाईंनी परवा विचारलं, "आमच्या सोसायटीत आठ-दहा जणी विणतात. एकमेकींचं काम बघायला मिळावं, चांगली लोकर कुठे आली ते कळावं, अडलं तर विचारता यावं. व्हॉट्सॲप ग्रुप काढू, की महिन्यातून एकदा जमू? सून म्हणते, रॅव्हेलरी या विणकामाच्या वेबसाइटवर जा, तिथे सगळं आहे." आमच्या गटानं हे तिन्ही करून पाहिलंय. त्यामुळे माझं उत्तर जरा लांबलं. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की नुसतं पाठवून देता येईल.

आधी एका टोपीची गोष्ट. आमच्यातल्या एका काकूंना अमेरिकेतल्या भाचीनं टोपीचा नमुना पाठवला. त्यात लिहिलं होतं, सुई 10 नंबर. काकूंच्या डब्यात 10 नंबरची जोडी होतीच. रोज रात्री जेवणं आटोपली की ग्रुपवर टोपीचा फोटो यायचा. खाली "वा वा", "रंग काय गोड", टाळ्या, अंगठे. महिन्याच्या भेटीत काकूंनी पूर्ण झालेली टोपी टेबलावर ठेवली. शेजारच्या मावशींनी ती उचलली, आत दोन बोटं घालून ताणली आणि पहिला प्रश्न केला, "सुई कुठली घेतली हो तुम्ही?" टोपी नातवाच्या नाही, नारळाच्या मापाची झाली होती.

चूक काकूंच्या विणण्यात नव्हतीच. आपल्याकडे दुकानात सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात. त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते आणि 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलटं. नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथली 10 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर. जवळजवळ दुप्पट फरक! महिनाभर फोटो बघणाऱ्या आम्हा सगळ्यांपैकी एकीलाही तो दिसला नाही, कारण फोटोत टोपी पडदाभर मोठी दिसते. त्या दिवसापासून मी फोन आणि टेबल यांची तुलना याच टोपीवरून करते.

फोनवरचा ग्रुप कशासाठी चांगला

बातमीसाठी. त्यात त्याला तोड नाही. शरणपूर रोडच्या तिबेटीयन मार्केटमध्ये स्वेटर लागले, मेन रोडच्या अमुक दुकानात फिकट पिस्ता रंगाचे शेवटचे चार गुंडे उरलेत, रविवारची भेट एक तास पुढे ढकलली, हे सगळं पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. व्हॉइस मेसेजची सोय तर विणणाऱ्यांसाठीच केल्यासारखी आहे. दोन्ही हात सुयांत अडकलेले असताना टाइप कोण करणार?

लोकर कमी पडली की फोनच कामाला येतो. लेबलवर शेड नंबर असतो, तसा लॉट नंबरही असतो, म्हणजे कुठल्या खेपेला ती लोकर रंगवली ते. एकाच शेडचे दोन लॉट शेजारी विणले की उन्हात पट्टा उठून दिसतो, म्हणून दोन्ही नंबर जुळावे लागतात. लेबलचा स्पष्ट फोटो टाकून "याच लॉटचा उरलेला गुंडा कुणाकडे आहे का?" असं विचारलं की बऱ्याचदा कुणाच्या तरी पिशवीतून निघतो. आमच्याकडे एका स्वेटरची डावी बाही अशीच सिडकोतून आली.

पण तिथे काही सापडत नाही, हा ग्रुपचा मोठा दोष. नोव्हेंबरात कुणीतरी लहान बाळाच्या मोज्यांची टाच सुंदर समजावून सांगितलेली असते. फेब्रुवारीत ती हवी झाली की वर सरकत बसायचं, शुभ सकाळ, संक्रांतीचे तिळगूळ आणि वाढदिवसांच्या केकांमधून. मेसेज पिन करता येतात, पण एका वेळी तीनच, आणि फार तर तीस दिवस. ग्रुपात 1,024 माणसं मावतात म्हणे. माझा अनुभव असा की तीस झाल्या की अर्ध्या जणी नुसत्या बघतात.

फोटोचं थोडं तंत्र पाळलं तर निम्मे घोळ टळतात. काम सपाट पसरा, खिडकीजवळचा तिरपा उजेड घ्या, म्हणजे उलट-सुलट टाके नीट उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं. वीण मोजायची असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी तो दाबला जाऊन टाके धूसर होतात. आमच्या टोपीशेजारी एक नाणं असतं तर काकूंची लोकर वाचली असती.

टेलिग्रामबद्दल दोनच ओळी. नव्या सदस्याला जुने मेसेज दाखवता येतात, फाइली नीट राहतात, हे खरं. पण आमच्यातल्या सत्तरीच्या दोघींनी "आणखी एक ॲप नको गं बाई" म्हणून हात वर केले आणि विषय तिथेच मिटला.

टेबलाभोवती

हात शिकायचा असेल तर भेटीला पर्याय नाही. मुंढ्याची घट, म्हणजे बाहीच्या जागी टाके कमी करणं, कशी करायची हे दहा व्हिडिओ बघून कळलं नसेल, तर शेजारी बसलेली बाई तुमच्या सुईवर स्वतःचे दोन टाके घालून अर्ध्या मिनिटात दाखवते. आणि टेबलावर बायका खरं बोलतात. फोनवर सगळं "छान" असतं. समोरासमोर मात्र "गळा जरा सैल झालाय, उसवून घे" असं म्हणणारी एक तरी निघते. तिच्यावर चहा संपेपर्यंत राग असतो, घरी जाऊन आपण उसवतोच.

सगळ्यात मोठा फायदा मापाचा. समजा नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके धरलेत आणि 80 सेंटिमीटर छातीसाठी 176 टाके घालायला सांगितलेत. तुमचा हात घट्ट असला आणि तुमचे त्याच 10 सेंटिमीटरात 24 टाके बसत असले, तर तेच 176 टाके जेमतेम 73 सेंटिमीटर भरतात. स्वेटर धाकट्या भावाला द्यावा लागतो. भेटीत आम्ही आधी प्रत्येकीचा चौकोनी तुकडा पट्टीवर ठेवून टाके मोजतो, मग वाटल्यास गप्पा.

अडचण एकच, नाशिक आता लहान राहिलेलं नाही. नाशिकरोडहून गंगापूर रोडला यायचं म्हणजे द्वारकेच्या चौकातच एक ओळ विणून होते. सिटीलिंकची बस आहे, पण विणकामाची पिशवी, छत्री आणि गुडघे सांभाळत दोन बस बदलणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून आम्ही महिन्यातून एकच भेट ठेवली आणि जागा आळीपाळीनं बदलतो. सोसायटीतल्या सोसायटीत गट असेल तर ही अडचणच नाही. इंदिरानगरच्या बाईंचं पारडं इथेच भेटीकडे झुकतं.

रॅव्हेलरी

2007 साली अमेरिकेत सुरू झालेली ही जागा म्हणजे विणणाऱ्यांचं मोठं वाचनालय. खातं फुकट आहे. लोकरीची जाडी, किती मीटर हाताशी आहे, सुई कुठली, अशी चाळणी लावून नमुने शोधता येतात, त्यातले बरेच मोफत असतात. मला तिथे नमुन्यापेक्षाही दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या नोंदी आवडतात. एकाच नमुन्याखाली शेकडो जणींचे फोटो आणि कुणी कुठली लोकर वापरली, कुठे बदल केला, हे लिहिलेलं. "बाही दोन इंच लांब होते" हे आधीच कळलं की आपली मेहनत वाचते.

अडचण इंग्रजीची. शिवाय संज्ञा देशाप्रमाणे बदलतात. क्रोशात तर फारच: अमेरिकन नमुन्यातलं सिंगल क्रोशे ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे होतं आणि अमेरिकन डबल ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. आपल्या साध्या "खांबा"ला दोन देशांत दोन नावं! लोकरीचंही तसंच. प्लाय म्हणजे धाग्यात किती पदर आहेत ते. त्यावरून जाडी दरवेळी कळेलच असं नाही, म्हणून प्लाय जुळला तरी तुकडा विणून बघावाच लागतो. आणि तिथले पुष्कळ नमुने बर्फाच्या देशांचे. निफाडला पारा एक आकडी झाला तरी दुपारी आपण स्वेटर कमरेला बांधून फिरतो. इतक्या जाड लोकरीचं इथे होणार काय?

माझं मत: गटात इंग्रजी वाचणारी एखादी असली तर तिनं खातं काढावं आणि हवं ते शोधून, मराठीत सांगून द्यावं. सगळ्यांना तिथे नेण्याचा आग्रह धरू नका. आम्ही धरला होता. अकरापैकी दोघी टिकल्या.

एक भांडणाचा मुद्दा इथेच सांगते. एकीनं पैसे देऊन नमुना घेतला की बाकीच्या म्हणतात, "टाक ना ग्रुपवर." टाकू नये. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतरही 60 वर्षं कॉपीराइट राहतो, आणि नमुना लिहिणारी बाईसुद्धा आपल्यासारखीच कुठेतरी उसवत-विणत बसलेली असते. विणलेला स्वेटर दाखवा, कुठे अडलं ते सांगा, फाइल फिरवू नका. यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता.

मग वही कशाला

कारण फोनवर बातमी टिकत नाही आणि टेबलावरचं बोलणं घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरतं. प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाला वहीत एक पान. त्यावर लोकरीचा वीतभर धागा चिकटवायचा, लेबल डकवायचं, सुईचं माप मिलिमीटरमध्ये, किती टाके घातले, किती गुंडे लागले, आणि काय चुकलं. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी. वही महिनाभर एकीकडे, मग पुढच्या भेटीत दुसरीकडे. हवं ते पान फोटो काढून ग्रुपवर टाकता येतं, म्हणजे फोनही कामाला लागतो.

लांब लांब राहणाऱ्या बायकांनी मिळून काही करायचं तर माप आधी लिहून ठरलेलं लागतं. 2016 साली चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाच्या ब्लँकेटची गिनीज नोंद झाली, 11,148.5 चौरस मीटर. एवढ्या हातांचे तुकडे एकमेकांना जोडायचे म्हणजे प्रत्येकीनं आपल्या मनाचं माप धरून कसं चालेल? आमच्या अकराजणींच्या गोधडीवजा शालीतसुद्धा दोन चौकोन बसले नाहीत, तेव्हा हे पटलं.

तर इंदिरानगरच्या बाईंना मी हे सांगितलं: दहा जणी एकाच आवारात असाल तर पंधरा दिवसांनी भेटा आणि वही आजच आणा. ग्रुप काढा, पण तो निरोपांपुरता, शुभ सकाळ वर्ज्य. रॅव्हेलरी सुनेवर सोपवा. शहरभर पसरलेल्या असाल तर मात्र ग्रुप आधी, भेट महिन्यातून एकदा, आणि नाणं ठेवल्याशिवाय फोटो नाही.

त्यांनी विचारलं, वही कसली घेऊ? आम्ही मुलांची चित्रकलेची वही घेतली होती, कारण लोकर चिकटवल्यावर साधं पान फाटतं. पहिल्या पानावर सुयांचं कोष्टक आहे: 8 नंबर 4 मिमी, 9 नंबर 3.75, 10 नंबर 3.25, 11 नंबर 3. त्याखाली काकूंच्या अक्षरात, लाल पेननं: "परदेशी नमुना असेल तर आधी मिमी विचारा."