फॉइलच्या सरावासाठी भिंतीवरचे टार्गेट पॅड

चार महिने रोज या पॅडवर सराव केल्यानंतर, फॉइल (तलवारबाजीचा एक प्रकार) खेळणाऱ्याने ते जरूर घ्यावे असे मी मनापासून म्हणेन. फॉइलमध्ये गुण पात्याच्या टोकानेच मिळतो, लक्ष्य म्हणजे धड, हात-पाय नव्हेत. शिवाय टोकावर किमान 500 ग्रॅमचा दाब पडावा लागतो, त्यामुळे पाते नुसते घासून गेले तर वार लागल्याचा दिवा लागत नाही. पॅडवरच्या सर्वांत छोट्या वर्तुळावर लंज (पुढचा पाय झेपावत टाकून केलेला वार) करताना माझी जुनी खोड उघडी पडली: हात पूर्ण लांब होण्याआधीच पुढचा पाय उचलला जात होता. ही खोड डावपेचातही महागात पडते, कारण दोघांचेही टोक एकाच वेळी लागले, तर आधी हात लांबवून आक्रमण सुरू करणाऱ्याचा गुणावर हक्क मानला जातो. आता मी आधी टोक आणि मग पाय असे दहा लंज अगदी संथपणे करतो, टोक वर्तुळात रुतून पाते किंचित वाकले की तो लंज मोजतो, आणि त्यानंतरच वेग वाढवतो. फोम टिकाऊ आहे. मागचे पट्टे मात्र सैल होतात. पॅरी-रिपोस्टसाठी (वार अडवून लगेच उलट वार करणे) जोडीदाराला पर्याय नाही, कारण तिथे समोरच्या पात्याचा अंदाज घ्यायचा असतो.