पेंटॅक्स के१००० आणि एचपी५: दिवाळीपासून वारीपर्यंत

के१०००बद्दल नवं सांगण्यासारखं फार नाही. १९७६ साली हा कॅमेरा आला, १९९७पर्यंत बनत राहिला आणि मधल्या काळात त्याचं रूप जवळपास तेच राहिलं. पूर्ण मेकॅनिकल, १ सेकंद ते १/१००० शटर, फोकस हाताने. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला; तो संपला तरी कॅमेरा चालूच. पण याच्यावरचे बहुतेक रिव्ह्यू वाचले की कळतं, लिहिणाऱ्याच्या नळाला थंड पाणी येतं आणि त्याच्या दुपारी मवाळ असतात. मी पुण्यात राहते. दिवाळीपासून यात इलफर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्मच घालते आहे, आणि मला जे सांगायचंय ते आपल्या उन्हाबद्दल आणि आपल्या पाण्याबद्दल जास्त आहे.

आधी कॅमेरा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेला एक काटा, वर अधिक, खाली उणे. काटा मध्ये आणायचा, संपलं. शटर किती, अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) किती, हे आत काहीच दिसत नाही. डोळा काढून वरून बघायचं. पहिले काही दिवस वैताग येतो, नंतर आकडे डोक्यातच राहतात. मीटरला बंद-चालू बटण नाही. लेन्सवर टोपी लावली की मीटर झोपतो, टोपी विसरलात की सेल खात बसतो. शटरला लॉकही नाही, त्यामुळे फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढून कॅमेरा पिशवीत टाकला तर एखादी फ्रेम पिशवीच्या अस्तराची निघते. मी आता फोटो काढायच्या क्षणीच लिव्हर ओढते.

रोल घालताना एक खूण पाहायची. पाठ बंद करून लिव्हर ओढली की डावीकडची रिवाइंडची चकती उलटी फिरली पाहिजे. ती फिरली तर फिल्म खरंच पुढे सरकतेय. फ्रेमच्या आकड्यावर विसंबू नका, फिल्म स्पूलमधून सुटली असली तरी तो बिनदिक्कत पुढे जातो.

आता ऊन. एचपी५ म्हणजे ४०० स्पीडची, थोड्या उजेडातही चालणारी फिल्म, डोक्यावर सूर्य, आणि शटर १/१०००च्या पुढे जात नाही. म्हणजे अपर्चर एफ/११ला अडकलं. ५० मिमी एफ/२ लेन्स घेऊन मागचं धूसर करायची स्वप्नं दुपारी विसरायची. पिवळा फिल्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो, तरी एफ/८पर्यंतच येता. या लेन्सला ४९ मिमीचा फिल्टर बसतो आणि मी तो जवळजवळ काढतच नाही, कारण त्याच्याशिवाय हिवाळ्यातलं निळं आकाश निगेटिव्हवर नुसतं घट्ट काळं होतं आणि प्रिंटमध्ये कोरा कागद. मोकळं अपर्चर हवंच असेल तर १०० किंवा १२५ स्पीडची फिल्म घाला, किंवा सावलीत उभे राहा. मला सावली परवडते.

पण खरी परीक्षा वारीत झाली. पालखी पुण्यात आली तेव्हा आभाळ भरलेलं, उजेड सगळीकडून सारखा. समोर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं आणि त्यात उन्हाने रापलेले चेहरे, कपाळाला बुक्का. के१०००चा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सांगतो, कमी द्या. त्याचं ऐकलं तर सदरे राखाडी होतात आणि चेहऱ्याच्या जागी निगेटिव्ह पारदर्शक राहते. तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं, त्यामुळे नंतर कुठल्याच उपायाने ते परत येत नाही. उलट सदरा जास्त दाट झाला तर प्रिंट करताना तो खाली आणता येतो. म्हणून मी काटा माणसांवर लावतच नाही. स्वतःचा तळहात त्याच उजेडात धरायचा, चौकट त्याने भरायची, काटा मध्ये आणायचा आणि मग एक स्टॉप उघडायचा. मीटरने १/२५० आणि एफ/८ दिलं तर मी एफ/५.६वर घेते. टोपीखाली चेहऱ्यावर पडलेल्या सावलीत मिशीचे केस सुटे दिसतात, ते या एका स्टॉपमुळे. एकदा उजेड मोजला की तो बदलेपर्यंत काट्याकडे बघायचं नाही. दिंडी थांबून राहत नाही.

आणि पाणी. फिल्म मी घरीच धुते. एचपी५ला डी-७६ हे डेव्हलपर (निगेटिव्हवर चित्र उमटवणारं रसायन) जसंच्या तसं वापरलं तर २० अंशांवर साडेसात मिनिटं, पाण्यात निम्मं पातळ केलं तर ११ मिनिटं. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी हाताला कोमट लागतं. अंश चढला की वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो, म्हणजे २४ अंशांवर घट्ट डेव्हलपरला पाच मिनिटंही मिळत नाहीत. इतक्या कमी वेळात फिल्मवर पट्टे उठायची भीती. पातळ केलेल्याला तेव्हाही सात-सव्वासात मिनिटं मिळतात. म्हणून आपल्याकडे निम्मं पातळच वापरा, बचत हा वरचा फायदा. मी तसराळ्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायच्या पाण्याच्या बाटल्या एकत्रच उभ्या करते. सगळ्यांचं तापमान सारखं असणं महत्त्वाचं. २४ला जमलं तर मी २०च्या मागे लागत नाही.

डी-७६ घरीही होतं: लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. ग्रॅमचा काटा मात्र चांगला हवा, आणि हातमोजे. धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. फिल्म धुवायची छोटी टाकी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदला, मग दहा वेळा, पुन्हा बदला, मग वीस वेळा. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत ही पद्धत फार सोयीची. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, नाहीतर क्षाराचे ठिपके वाळतात.

लॅबला रोल देऊनही पाहिले. एका ठिकाणी निगेटिव्हवर आडवे ओरखडे आले, दुसरीकडचे स्कॅन इतके गुळगुळीत की एचपी५चं दाणेदारपण कुठे गेलं ते कळेना. रोल हजाराच्या आगेमागे, वर धुलाई आणि स्कॅन. एवढा खर्च करून मोबाइलच्या फिल्टरसारखं काही हातात यायचं असेल तर मोबाइलच बरा. स्वतः धुणार नसाल तर हा कॅमेरा घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत.

घेणार असाल तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात हात लावून पाहा, फोटो बघून मागवू नका. पाठ उघडा आणि कडेच्या खाचांतला काळा फोम बोटाने दाबा. चिकट लागला तर तो बदलावा लागेल, काम स्वस्त आहे. शटर १ सेकंदावर ठेवून ऐका, मग १/१०००वर ठेवून पाठीमागून उजेडाकडे बघा, पडदा पूर्ण उघडतोय का. लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या आणि दुसरी मागा. ५० मिमी एफ/२ काही दुर्मीळ नाही. घरी आणल्यावर पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, त्यात ओल धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते भाजून घ्यायचं.