बांबोळीची ओपीडी पास, पॉलिसी नापास: दारूच्या उपचाराचा डिचोलीहून घेतलेला अनुभव

आधी निकाल सांगते. दारू सोडवायची असेल तर गोव्यातल्या बांबोळीच्या आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयाची, ओपीडी आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगा, दोन्ही घ्या. घरच्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीच्या (सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा) भरवशावर या कामाला निघू नका. खाजगी केंद्राचे कागद बघितल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

माणूस म्हणजे माझा धाकटा दीर. टिप्पर चालवायचा. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात कित्येकांचे ट्रक दारात उभे राहिले, त्यातला एक याचा. पिणं आधीपासून होतंच, मग दिवसाही सुरू झालं. गेल्या चतुर्थीनंतर आम्ही उपचाराच्या मागे लागलो, आता पावसाळा लागलाय.

तो लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत पाळणारा भक्त आहे. शिरगावच्या जत्रेआधी व्रताच्या दिवसांत थेंबाला शिवत नाही. "वहिनी, व्यसन असतं तर व्रत जमलं असतं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि घरात ते सगळ्यांना पटायचं. पण त्याच दिवसांत त्याचे हात कापायचे, घाम सुटायचा, झोप उडायची. सासूबाई म्हणायच्या, उपासानं अशक्तपणा आलाय. बांबोळीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं ते हेच, की बंद केल्यावर काय काय होतं? रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या एक-दोन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे "खोलीत कोंडून घाला, आठवड्यात सुटेल" असं सांगणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. ते दिवस गोळ्या आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देऊन डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे असतात.

बांबोळीला जाण्याआधी एका खाजगी केंद्राचा फेरा झाला. नाव लिहीत नाही. फोनवर गोड बोलले, "पॉलिसी आहे ना, मग कॅशलेस होईल" म्हणाले, आणि आगाऊ पैसे मात्र रोख घेतले. घरच्यांना भेटू देईनात. रात्री फिट आली तर कोण बघतो, याचं धड उत्तर मिळेना. अशा ठिकाणी दोनच प्रश्न विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात. त्याच कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे, हेही माहीत असू द्या. स्वतःच्या इच्छेनं दाखल झालेला, निर्णय घ्यायला सक्षम असलेला माणूस घरी जायचं म्हणाला तर एरवी त्याला अडवून ठेवता येत नाही. दीर म्हणाला, आम्ही घेऊन आलो.

आता विमा. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण एजंट हे सांगत नाहीत. त्या केंद्राचा क्लेम फेटाळला गेला. पत्रात कारण होतं, "एक्सक्ल्यूजन 12". आपली पॉलिसी काढून बघा. विमा नियामकानं वगळण्याच्या अटी सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या शब्दांत ठरवून दिल्या, त्यातली ही बारावी. दारू, अमली पदार्थ किंवा कसलंही व्यसन यांवरचा उपचार आणि त्याचे परिणाम यांना भरपाई नाही. सगळी मेख त्या "परिणाम" शब्दात आहे. उद्या यकृत किंवा स्वादुपिंड बिघडलं आणि केसपेपरवर दारूचा उल्लेख असला, तर तोही क्लेम अडू शकतो.

गंमत अशी की 2017 च्याच कायद्याचं कलम 21(4) म्हणतं, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्या. आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू-ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट लिहिल्या आहेत. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं! मी हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून पाठवलं. उत्तरात तोच बारा नंबर. मग विमा लोकपालाकडे गेले. गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील नको, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिच्या उत्तराची किंवा महिनाभराची वाट बघावी लागते. आमचं प्रकरण अजून तिथंच आहे. कुणी "डॉक्टरला सांगून केसपेपरवर दारू लिहू देऊ नका" असा शहाणपणा शिकवेल. नका करू. पुढचा डॉक्टर त्याच कागदावरून औषध ठरवतो.

गोवा सरकारच्या दीन दयाळ आरोग्य विमा कार्डाबद्दल घरोघरी गैरसमज आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख, पण यादीतल्या पॅकेजांसाठी. ओपीडीच्या फेऱ्यांना ते उपयोगाचं नाही. दाखल करायची वेळ आली तर आधी काउंटरवर यादी विचारून घ्या.

खरं सांगायचं तर व्यसनाच्या उपचारातला लांबचा पल्ला ओपीडीचाच असतो, आणि साधी पॉलिसी बघते दाखल झालेले दिवस. म्हणजे क्लेम मंजूर झाला असता तरी पुढचे महिने आमचे आम्हीच काढले असते. आयपीएचबीत तो खर्च किरकोळ आला. खरा खर्च डिचोलीहून पणजी, तिथून बस बदलून बांबोळी, आणि बरोबर जाणाऱ्याचा बुडालेला दिवस. सकाळी लवकर निघा.

औषधांत डायसल्फिरामबद्दल लिहायलाच हवं. ही गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि यकृताची तपासणी करूनच देतात. "न सांगता जेवणात मिसळा" म्हणणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दारू असलेलं खोकल्याचं औषध, आफ्टरशेव्ह, विनेगर यांबद्दलही विचारून घ्या. आमच्याकडे आंबटाला सोलं (आमसुलं), त्यामुळे घरी अडचण नव्हती. लग्नाच्या जेवणात मात्र विचारून वाढून घ्यावं लागलं.

एएच्या मीटिंगेला पहिल्यांदा तो तयार नव्हता. चर्चच्या हॉलमध्ये भरते म्हटल्यावर "तो पाद्रीचा कार्यक्रम" म्हणाला. गेला, तर सगळे कोकणीत बोलत होते आणि शेजारच्या खुर्चीवर त्याच्याच खाणीवरचा जुना ड्रायव्हर. फी नाही, फॉर्म नाही. मार्चअखेर उर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत तो एकदा घसरला. आम्ही घरचे हादरलो, डॉक्टर हादरले नाहीत. औषध बदललं आणि पुढची तारीख जवळची दिली. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा एएसारखाच गट असतो, तिथं मी जाते.

पिणं अजून या थराला गेलं नसेल तर आणखी लवकर काही करता येतं. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ या संस्थेनं घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला, तो 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ते प्रमाण 26 टक्के. माझ्या दिरासारख्या पूर्ण अवलंबून झालेल्यांसाठी हे नव्हतं, पण ज्याचं पिणं आत्ताच वाढू लागलंय त्याच्यासाठी जरूर विचारा. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446, दोन्ही मोफत.

पॉलिसीचा हप्ता यंदाही भरला, कारण सासऱ्यांचं हृदयाचं दुखणं तिच्यातच आहे. दिरासाठी मात्र बसभाडं आणि रक्ततपासणीचे पैसे दर महिन्याला वेगळे काढून ठेवते.