मिश्रण की आयनोमर?

प्लास्टिकची वस्तू करायची तर दोन पॉलिमरचं मिश्रण घ्यावं की आयनोमर? आधी मिश्रण. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, पीपीओ (पॉलिफिनिलीन ऑक्साइड, हेही एक प्लास्टिक) २१० च्या आसपास. ही दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात, त्यामुळे काचसंक्रमण तापमान (ज्याला कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते) एकच मिळतं आणि प्रमाण बदलून ते हवं तिथे सरकवता येतं. बहुतेक जोड्या मात्र इतक्या गुण्यागोविंदाने नांदत नाहीत; दोघांच्या सीमेवरची पकड कच्ची असली की तुकडा तिथेच तडकतो.

आयनोमरला जोडीदार लागत नाही. एकाच पॉलिमरच्या लांब रेणूसाखळीवरचे काही आम्लगट सोडियम किंवा झिंकने उदासीन केले की आयनांचे पुंजके साखळ्यांना गाठी मारतात. तापवल्यावर त्या सैलावतात, म्हणून साचाकाम जमतं. गोल्फच्या चेंडूचं चिवट कवच यातलंच. पण इथिलीनवर आधारलेले आयनोमर १०० अंशांच्या आतबाहेरच वितळतात. उष्णता सोसायची तर मी मिश्रण घेईन. ओरखडे आणि मार खायचा तर आयनोमर, तोही झिंकचा. सोडियमवाला ओलावा जास्त ओढतो.