टोलवरचा चालत्या गाडीचा वजनकाटा: सोलापूरच्या एका ट्रकमालकाचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या सहाचाकी गाड्या सोलापूर मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला जातात, कधी पुण्या-मुंबईकडे. टोलच्या लेनमध्ये रस्त्यातच सेन्सर बसले, तेव्हापासून गाडी काट्यावर न चढवता तिचं वजन पडद्यावर दिसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या जोडीला ही सोय आहे. नंबर प्लेट वाचली जाते आणि ई-चलन थेट मालकाच्या मोबाईलवर येतं. काही महिने यातून गाड्या काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: हे यंत्र पाहिजेच. पासिंगप्रमाणे, म्हणजे गाडीच्या नोंदणीत मंजूर असलेल्या वजनापर्यंतच, भरणाऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी वाली मिळाला.

आधी काय व्हायचं? पासिंगच्या वर भरणार नाही म्हटलं की व्यापारी दुसरी गाडी बोलवायचा. दोन टन जादा घेणारा टनामागचं भाडं पाडायचा आणि आमची गाडी यार्डात उभी राहायची. आता जादा भाराला कायद्याचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे एका टनासाठी २२,०००. त्या टनाचं हैदराबादपर्यंतचं भाडं त्याच्या आसपाससुद्धा जात नाही. हा हिशोब समोर मांडला की व्यापारीही गप्प बसतो.

खरा धडा अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या भाराचा. २०१८ च्या वाढीव मर्यादेनुसार सहाचाकीला एकूण १८.५ टन चालतात, त्यातले मागच्या अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त ११.५. साध्या काट्यावर सगळी गाडी एकदम चढते, त्यामुळे एकूण आकडा बसला की आपण निर्धास्त. सेन्सर मात्र प्रत्येक अ‍ॅक्सल वेगळा मोजतो. आमची एक गाडी एकूण वजनात बसत होती आणि मागचा अ‍ॅक्सल १२ टनांच्या वर दाखवत होता. मागच्या फाळक्याजवळ उंच थप्पी, केबिनकडे जागा मोकळी. हमालांनी उतरवायला सोपं जावं म्हणून तसं रचलं होतं. आता पहिली थप्पी केबिनला टेकवूनच लावायची, असं ठरवून टाकलंय. डिझेलही काटा करायच्या आधी भरतो, कारण तीनशे लिटर म्हणजे जवळजवळ अडीचशे किलो. पावसाळ्यात भिजलेली ताडपत्री आणि हौद्यातला चिखलही धरावा लागतो.

ड्रायव्हरला एकच ताकीद: सेन्सरवर ब्रेक मारू नको, रेस देऊ नको, एका लयीत काढ. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो आणि आकडे बिघडतात. पण पुढची गाडी अडकली, तर तो बिचारा काय करणार? म्हणून शंका असेल तिथे जवळच्या स्थिर काट्यावर, वैधमापन खात्याचा (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेल्या, फेरवजन करून मिळायला हवं. एका टोलवर आम्ही ते मागितलं तर ‘मागच्या गाड्या थांबल्यात, पुढे घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. हे चुकीचं आहे. दंड यंत्राच्या आकड्यावर होणार असेल, तर तो आकडा तपासायचा हक्क पण पाहिजे.

दुसरं, कायद्यात जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असं आहे. कॅमेऱ्याने चलन पाठवलं तरी गाडी तेवढाच भार घेऊन पुढच्या पुलावर जाते. अ‍ॅक्सलच्या भारानुसार रस्त्याची झीज साधारण चौथ्या घाताने वाढते, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीतून पुढे आलं. अ‍ॅक्सलवर वीस टक्के जादा म्हणजे झीज दुपटीच्या घरात. माल उतरवायची जागा टोलजवळ नसेल तर रस्ता वाचत नाही, फक्त दंड जमा होतो.

आणि हे सगळं हायवेपुरतं. गाळप हंगामात मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर बघा, चढाला पुढची चाकं उचलतात. त्यांना टोल लागत नाही, सेन्सर लागत नाही. पण प्रत्येक खेप कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजली जातेच, पावती निघते. वजन आधीच कॉम्प्युटरमध्ये आहे. नवीन सेन्सर बसवायच्या आधी परिवहन खात्याने ती नोंद मागवावी. जादा भार घेऊन गाडी चालवणाऱ्यासोबत ती चालवायला लावणाराही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये येतो, तेव्हा चलन एकट्या ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने फाडू नये.