नमुना वेगळा, माल वेगळा : फिल्डसाठी रग्ड लॅपटॉप घेताना झालेली फसवणूक

विक्रेत्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि चालू मशीनच्या कीबोर्डवर बाटलीभर पाणी ओतलं. मग तो पुसला, कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकला, उचलून परत माझ्यासमोर ठेवला. स्क्रीन चालूच होता. आमचे दोन तंत्रज्ञ शेजारी उभे होते, दोघांनाही मशीन पटलं. मी आठ नगांची ऑर्डर दिली.

आमचं काम पंप, जनरेटर आणि त्यांच्या कंट्रोल पॅनेलच्या देखभालीचं. तंत्रज्ञ साइटवर जातो, पॅनेलमधल्या पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, केबल लावतो, फॉल्टच्या नोंदी उतरवतो, गरज पडली तर प्रोग्राम बदलतो. बरीच पॅनेल जुनी आहेत, त्यांना आजही नऊ पिनांचा सिरियल पोर्टच लागतो. ऑफिसातला साधा लॅपटॉप तिथे चालत नाही. त्याच्या स्क्रीनचा उजेड साधारण २५० ते ३०० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं एकक) असतो, भर उन्हात त्यावर काही वाचता येत नाही. त्यासाठी ८०० ते १००० निट्सचा स्क्रीन हवा. शिवाय धूळ, तेलकट हात, पावसाची सर. म्हणून रग्ड, म्हणजे असे हाल सोसणारं दणकट मशीन हवं होतं, आणि हा विक्रेता ‘कंपनीचा शिल्लक राहिलेला, न वापरलेला स्टॉक’ देतो म्हणत होता.

माल आला. खोकी नवी, मशीनवर प्लास्टिकची फिल्म, खाली चकचकीत लेबल. आमच्या स्टोअरने चलनावर ‘माल तपासून मिळाला’ असं लिहून सही केली. तपासलं कोणीच नव्हतं, खोकी मोजली होती. या एका सहीने पुढे आमचे हात बांधले गेले.

तिसऱ्या आठवड्यात एका तंत्रज्ञाचा फोन आला. ‘‘मॅडम, प्रोग्राम टाकताना मध्येच लिंक तुटली. पीएलसी स्टॉपमध्ये गेलाय, पंप बंद आहे.’’ मी त्याला रागावले. केबल नीट लावली नसशील, घाई केली असशील, असं बरंच बोलले. तो म्हणत राहिला की केबल तीच आहे, जुन्या लॅपटॉपवर रोज चालते. मी ऐकलं नाही. आठवड्याभरात दुसऱ्या दोघांकडूनही तीच तक्रार आली, तेव्हा कुठे मी एक मशीन उघडायला सांगितलं. त्या मुलाची मी नंतर सगळ्यांसमोर माफी मागितली, पण त्या दिवशी साइटवर ग्राहकासमोर त्याने एकट्याने जे ऐकून घेतलं ते काही परत घेता येत नाही. फसवणारा निघून गेला होता आणि बोल लागला माझ्या माणसाला, याचं मला आजही सगळ्यात वाईट वाटतं.

मशीन उघडल्यावर दिसलं की बाजूचा सिरियल पोर्ट मदरबोर्डला जोडलेलाच नव्हता. त्याच्या मागे यूएसबीवरून सिरियल पोर्ट तयार करणारा एक स्वस्त बोर्ड गोंदाने चिकटवलेला होता आणि त्यावरची चिप नकली होती. अशा नकली चिपा नामांकित चिपेचं नाव सांगून संगणकाला फसवतात, आणि मूळ कंपनीचा ड्रायव्हर (चिप चालवणारा संगणकातला प्रोग्राम) बदलला की अडकतात. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता आणि लोकांच्या चालत्या केबल एका रात्रीत बंद पडल्या होत्या. आमच्याकडे काही मशीन चालता चालता लिंक तोडत, तर दोन मशीनवर अपडेटनंतर पोर्टच दिसेनासा झाला.

मग पाऊस. मुसळधार नव्हे, साधी भुरभुर. एक मशीन जागेवर बंद पडलं. त्याच्या झाकणाखालची रबर सील दोन ठिकाणी तुटलेली होती आणि तिथे सिलिकॉन फासलं होतं. स्क्रूंची डोकी आधीच झिजलेली. म्हणजे ही मशीन कोणीतरी उघडली होती, आतले भाग बदलले होते आणि वर नवं लेबल चिकटवलं होतं. लेबलवर आयपी ६५ छापलेलं. यातला पहिला आकडा धुळीचा : ६ म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही. दुसरा पाण्याचा : ५ म्हणजे नळीतून मारलेला पाण्याचा झोत सहन होतो. पाण्यात बुडालेलं चालायला तिथे ७ लागतो, त्याची चाचणी १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांची असते. पण हा आकडा कारखान्यातून सीलबंद निघालेल्या मशीनचा असतो. एकदा उघडून सील न बदलता बंद केलं की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

सोबत एक ‘सैनिकी प्रमाणपत्र’ही दिलं होतं, त्यावर मिल-स्टँडर्ड ८१० असं ठळक अक्षरांत. ते मी कौतुकाने फाइलला लावलं होतं. नंतर वाचल्यावर कळलं की हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचणी-पद्धतींचं पुस्तक आहे. ते खातं कोणत्याही लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी प्रयोगशाळा करते, आणि खऱ्या अहवालात कोणती पद्धत, कोणती प्रक्रिया, किती नमुने, निकाल काय हे सगळं असतं. हाताळताना पडण्याच्या चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा मशीन टाकतात, आणि हे २६ आघात पाच नगांत वाटून घेण्याचीही मुभा असते. म्हणजे खरा अहवाल असला तरी तो नीट वाचावा लागतो. आमच्या कागदावर प्रयोगशाळेचं नावसुद्धा नव्हतं.

बॅटरीने तर मला पूर्ण चकवलं. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढता येतो. सुरुवातीला मी तो काढला होता : मूळ क्षमता आणि आताची क्षमता जवळपास सारखी, चार्जिंगच्या फेऱ्या फक्त तीन. मी निश्चिंत झाले. पण बॅटरीतल्या मोजणी-चिपेचे आकडे पुसून नव्याने लिहिता येतात, हे मला माहीत नव्हतं. दोन-तीनदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यावर त्याच अहवालातली क्षमता निम्म्याखाली आली. मशीन तासभरही टिकत नव्हतं.

शेवटी सीरियल क्रमांकांनी उलगडा केला. लेबलवरचा क्रमांक एक, बायोसमधला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधला) दुसरा. बायोसमधला क्रमांक उत्पादकाच्या वॉरंटी-पानावर टाकला तर वॉरंटी कधीच संपलेली. दोन मशीनच्या बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड अजून तसाच होता.

विक्रेत्याला कळवलं. आधी म्हणाला, ‘‘तुमच्या लोकांनी आपटली असतील.’’ मग दोन नग बदलून देतो म्हणून घेऊन गेला आणि फोन उचलणं बंद. पूर्ण पैसे आधीच चुकते झाले होते. बिलात फक्त ‘रग्ड लॅपटॉप, ८ नग’. मॉडेल नाही, क्रमांक नाही, पोर्टचा उल्लेख नाही. तक्रार दाखल केली आहे, पण समोरचा ती सही पुढे करतो.

मी चाचणी घेतली ती त्याने निवडून आणलेल्या नगाची. तो नग अस्सलच असणार, मला अजूनही तसंच वाटतं. आता ऑर्डरमध्येच प्रत्येक मशीनचा क्रमांक लिहून घेतो आणि पैशांचा एक हिस्सा महिनाभर राखून ठेवतो. चलनावर ‘खोकी मिळाली, तपासणी बाकी’ असं लिहितो. आलेल्या मालातून कोणती खोकी उघडायची हे आम्ही ठरवतो. बॅटरीचा अहवाल तीन पूर्ण फेऱ्यांनंतरच काढतो. आणि मशीन पास करायचं की नाही हे ऑफिसात ठरत नाही.

ते काम आता ज्याला मी रागावले होते त्याच्याकडे आहे. तो आपली जुनी केबल घेऊन खऱ्या पॅनेलपाशी जातो, हातमोजे घालून स्क्रीन चालवतो, प्रोग्राम सलग दहा वेळा वर-खाली करतो. मागच्या खेपेला त्याने एक नग परत पाठवला. उन्हात आकडे वाचता येत नव्हते, एवढं एकच कारण त्याने लिहिलं होतं, आणि मी खाली सही केली.